ऱ्हाऊ द्या तसंच

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डला डाव्या बाजूला जो कप्पा आहे, त्यात कपडे धुण्याच्या साबणाची अर्धी वडी असते. कप्पा उघडला की आधी तिचा वास येतो. मग विम्याचे कागद, घडीवर फाटायला आलेली पीयूसीची पावती, एक सुती फडकं, दोन फ्यूज, मेणबत्तीचा तुकडा. गॉगल ठेवायला म्हणून कुणी पाहुण्यानं कप्पा उघडला की ठरलेला प्रश्न येतो, ‘प्रवासात कपडे धुता की काय?’ वडी मामंजींनी ठेवलेली. म्हणजे पहिली त्यांनी ठेवलेली. ती वाळून तडकली की मी दुसरी ठेवते आणि तडकलेली मोरीत वापरून टाकते.

पेट्रोलच्या टाकीला खालून दगड लागून चीर पडली तर साबण हातानं मळायचा आणि चिरेत दाबून बसवायचा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. टाकी ठिबकायची थांबते आणि पुढच्या गावच्या गॅरेजपर्यंत गाडी जाते. आमची टाकी कधी फुटली नाही, आणि आताच्या रस्त्यांवर खड्डे कितीही असले तरी टाकी फुटण्याइतके सुटे दगड नसतात. पण मामंजी ज्या रस्त्यांवर गाडी शिकले त्यांवर ते होते, आणि माणूस ज्या रस्त्यावर शिकतो त्याच रस्त्याची तयारी जन्मभर बाळगतो.

त्यांच्या थोरल्या भावाची फियाट होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खाली असलेली. पुढं याच गाडीचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर राहिली. त्या फियाटमधून आंबा घाट चढताना उन्हाळ्यात मध्येच इंजिन गप्प व्हायचं. पेट्रोल तापून नळीतच त्याची वाफ होते आणि मग पंपाला ओढायला काही उरत नाही. उतरायचं, बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि सावलीत बसून दशम्या खायच्या. सुती फडकं त्यासाठी. रेडिएटर झिरपायला लागला तर त्यात चमचाभर हळद. पाण्यात फुगून ती बारीक भोकं बुजवते. आमचं मूळ गाव सांगलीकडचं, त्यामुळं हळद घरात पोत्यानंच असायची आणि तिच्या औषधी गुणांबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती. जखमेवर लावायची तीच रेडिएटरमध्ये टाकायची.

मला या गोष्टींत गंमत वाटते ती अशी, की गाडी हे त्या काळी घरातलं सगळ्यात महागडं आणि सगळ्यात परकं यंत्र; आणि तरी तिच्यावरचे निम्मे उपाय स्वयंपाकघरात आणि मोरीत मिळायचे. बायका गाडी चालवत नव्हत्या, पण फियाट घाटात थांबली की पिशवीतून जे जे निघायचं ते त्यांनीच भरलेलं असायचं.

मामंजींनी निवृत्तीच्या पैशातून १९९४ साली मारुती ८०० घेतली. पांढरी. पहिली मारुती १४ डिसेंबर १९८३ला दिल्लीत एका ग्राहकाच्या हाती पडली आणि तिची किल्ली इंदिरा गांधींनी दिली, हे त्या पिढीतल्या सगळ्यांना पाठ असायचं. मामंजींनाही होतं. ‘आपली काही तसली नाही, आपली शहाऐंशीनंतरच्या नव्या आकाराची,’ असंही ते पुढं जोडायचे. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बारा इंची चाकं. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. बसली चिखलात तर चौघांनी उचलून बाजूला ठेवावी इतकी हलकी, आणि खरंच तशी ती उचललेलीही आहे. फियाटवाल्या थोरल्या भावानं पहिल्या दिवशी दार लावून बघितलं, आवाज ऐकला आणि ‘पत्र्याची डबी’ म्हणून मोकळे झाले. मामंजींना ते लागलं असावं. पण त्यांनी उत्तर दिलं नाही. पुढच्याच उन्हाळ्यात आंबा घाटात फियाट वाफाळत उभी असताना ते शेजारून हॉर्न वाजवत पुढं गेले, एवढंच.

हॉर्नबद्दल पुढं सांगते.

गंमत अशी की मारुती आली तेव्हा तिच्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही असाच सगळ्यांचा समज होता. फियाट दर रविवारी अंगणात उघडी पडलेली असायची. पॉइंट पॉलिश पेपरनं घासणं, प्लग काढून ब्रशनं साफ करणं, ग्रीसगन घेऊन गाडीखाली आडवं होणं. मारुतीला किल्ली फिरवायची आणि निघायचं. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या जुन्या मेस्त्रींना तिचा थोडा रागच होता म्हणतात. गाडी गॅरेजला येईना तर त्यांनी काय करायचं? त्यांनी फक्त वाट बघितली. दहाएक वर्षांत ती त्यांच्याकडे यायला लागली.

आमचे मेस्त्री शिवाजी उद्यमनगरात एका बोळात आहेत. पुढं एक लेथचं दुकान, मागं फौंड्रीवाल्याचं गोदाम, मध्ये यांचा पत्र्याचा शेड. जमीन इतक्या वर्षांच्या ऑईलनं काळी आणि घट्ट झाली आहे, पावसाचं पाणी तिच्यावर थांबत नाही. भिंतीला पाने टांगलेले, प्रत्येक पान्याच्या मागं त्याच्या आकाराचा फिकट ठसा. रिंग पाना काढला की त्याची रिकामी जागा दिसते, आणि संध्याकाळी एकही ठसा उघडा राहिला तर पोरांना घरी जाता येत नाही. वीस-बावीस वर्षांच्या पोरांना असं थांबवून ठेवणं मला आधी जाचक वाटायचं. एकदा कुणाच्या तरी इंजिनावर विसरलेली पक्कड पंख्यात गेली आणि रेडिएटरच्या चिंध्या झाल्या, ते बघितल्यावर वाटेनासं झालं.

मामंजी गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. नवऱ्याला गाडी चालवण्याचा कंटाळा, मला हौस. सुरुवातीला मेस्त्री माझ्याशी बोलतच नसत. मी बिघाड सांगायची, ते नवऱ्याकडे बघून मान हलवायचे. नवरा बिचारा पेपर वाचत उभा. मग एक दिवस मी एकटीच गेले आणि म्हटलं, ‘तिसऱ्या गिअरात चढाला पिकअप पडतोय, आणि चोक थोडा ओढला की बरी चालते.’ मेस्त्रींनी हातातलं काम खाली ठेवलं. ‘चोक वढल्यावर बरी चालती? मग जेटमधी कचरा हाय, वैनी.’ त्या दिवसापासून नवऱ्याला फक्त चहा मिळतो.

कार्बोरेटर खोलण्याचं काम ते पोरांना देत नाहीत. एका स्वच्छ पत्र्यावर सगळे भाग क्रमानं मांडून ठेवतात, तरंगा, सुई, पितळी जेट, स्क्रू. जेट म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा पितळी तुकडा आणि त्याच्या मधोमध डोळ्याला जेमतेम दिसणारं भोक. इंजिनाला किती पेट्रोल मिळायचं ते या भोकावर ठरतं. ते पेट्रोलमध्ये धुतात, फुंकर मारतात आणि उजेडाकडे धरतात. तार घालत नाहीत. तार घातली की पितळ घासतं, भोक मोठं होतं आणि गाडी जन्माची पेट्रोल पिते. अलीकडे त्यांची नजर कमी झाली आहे. ऑपरेशन एका डोळ्याचं झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. तेव्हा जेट उजेडाकडे धरून ते मलाच विचारतात, ‘दिसतंय का आरपार?’ शेजारच्या लेथचा आवाज चालू, मी एक डोळा मिटून त्या भोकातून उद्यमनगराचं आभाळ बघते आणि सांगते, दिसतंय.

बिघाड शोधायची त्यांची रीत मला फार आवडते. गाडी गेल्या गेल्या ते बॉनेट उघडत नाहीत. ‘कवा वाजतं?’ हा पहिला प्रश्न. सकाळी की गाडी तापल्यावर? सरळ जाताना की वळताना? ब्रेक दाबला की वाढतं की थांबतं? क्लच दाबला की? मग डावीकडच्या सीटवर बसतात, काच खाली करतात आणि मला म्हणतात, चालवा. टेंबलाईवाडीच्या बाजूला एक चढ आहे, तिथपर्यंत. वाटेत एक शब्द बोलत नाहीत. त्यांच्याबरोबर असे फेरे मारून मारून मलाही ऐकू यायला लागलं. पूर्ण वळण घेताना पुढच्या चाकाकडून कट कट कट असं आलं तर एक्सलचा जॉइंट. रबरी बूट फाटून आत माती गेलेली असते आणि ग्रीस बाहेर. खड्ड्यातून जाताना एकदाच खट झालं तर खालच्या आर्मचं बुश. वेगाबरोबर वाढत जाणारी घुमी घरघर, जी डावीकडे वळलं की कमी होते आणि उजवीकडे वळलं की वाढते, ती चाकाच्या बेअरिंगची. आणि ती वळताना ज्या बाजूवर भार पडतो त्या बाजूची असते, म्हणजे या उदाहरणात डाव्या चाकाची. थंडीत पहाटे सुरू करताना किंचाळून गप्प होणारा पट्टा सैल झालेला असतो. ब्रेक लावल्यावर लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला तर पुढं काही ऐकत बसायचं नाही.

आणि पावसाळा. आषाढात आमच्याकडे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. हवेतला ओलावा डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात शिरतो, प्लगच्या वायरींवर बसतो, आणि ठिणगी जिथं पडायची तिथं न पडता वाटेतच कुठंतरी निसटते. किल्ली फिरवली की गाडी खाकरते, धरत नाही. अशा वेळी गल्लीतले लोक धक्का मारायला उत्साहानं येतात. त्यांना मी थांबवते. टोपण काढायचं, कोरड्या फडक्यानं आतून पुसायचं, वायरी पुसायच्या, पुन्हा लावायचं. मामंजींचं सुती फडकं असं दुसऱ्याच कामाला लागलं.

हळदीचा मात्र मेस्त्रींना मनापासून तिटकारा आहे. जुनी गाडी घेणाऱ्या कुणीतरी त्यांच्याकडे रेडिएटर आणला होता, आतल्या नळ्या पिवळ्या गाळानं गच्च. झिरपणं थांबलेलं, पण पाणीही फिरायचं थांबलेलं. ‘भाजीत घाला म्हणावं की हळद,’ एवढंच ते बोलले आणि रेडिएटरवाल्याकडे नळ्या मोकळ्या करायला पाठवून दिला. मी गप्प बसले. घरची बाजू घेण्याची ती जागा नव्हती.

या माणसाकडून मी शिकले ते दुरुस्त करणं नव्हे. पाना अजूनही माझ्या हातात नीट बसत नाही. काय दुरुस्त करायचं नाही, हे शिकले. वर्षानुवर्षं मी बिघाडांची यादी घेऊन जाते आणि ते त्यातल्या निम्म्या गोष्टींवर हात फिरवून म्हणतात, ‘ऱ्हाऊ द्या तसंच.’ मागची डावी काच अर्ध्यातच अडकते. ऱ्हाऊ द्या. दाराच्या आतलं प्लॅस्टिक खुळखुळतंय. ऱ्हाऊ द्या. पेट्रोलचा काटा पाव टाकीच्या खाली उतरतच नाही. किलोमीटर बघून भरा, ऱ्हाऊ द्या. तिसऱ्या गिअरात दांडी थोडी थरथरते. तिला थरथरू द्या, वैनी, गिअर निसटत न्हाई न्हवं? मग ऱ्हाऊ द्या.

आधी वाटायचं, आळस आहे. किंवा जुन्या गिऱ्हाईकाकडून पैसे घ्यायचा संकोच. नंतर कळलं, की तीस वर्षांच्या गाडीत एका गोष्टीला हात लावला की शेजारच्या दोन बोलायला लागतात. काच सरकवणारी यंत्रणा काढायची तर दाराच्या आतलं पॅनेल काढायचं. पॅनेलच्या खुंट्या उन्हानं ठिसूळ झालेल्या, त्या तुटणार. तुटल्या की पॅनेल खुळखुळणार. म्हणजे एक काच खाली यावी म्हणून जन्मभराचा खुळखुळाट घ्यायचा. गंजलेला बोल्ट फिरवला की त्याचे आटे जातात, आटे गेले की भोक मोठं करून मोठा बोल्ट बसवायचा, आणि एकदा भोक मोठं केलं की ते पुन्हा लहान होत नाही. जे झिजून एकमेकांच्या मापाचं झालंय ते सोडवू नये. त्यांनी हे असं कधी सांगितलं नाही. त्यांनी फक्त माझ्या यादीतल्या ओळी खोडल्या.

काही ओळी मात्र ते कधीच खोडत नाहीत. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, पेट्रोलच्या नळ्या. यांत घासाघीस नाही, उधारीसुद्धा चालते. ब्रेकच्या रबरी होजला बारीक तडे दिसले तर गाडी ठेवून रिक्षानं जा म्हणतात. टायमिंगचा पट्टा कितीही चांगला दिसत असला तरी मुदत झाली की बदलतात, कारण तो तुटण्याआधी वाजत नाही. जे वाजतं त्याच्यावर त्यांचा विश्वास आहे, न वाजणाऱ्यावर नाही.

घरातल्या सगळ्यांना आता गाडीच्या खोडी अंगवळणी पडल्यात. जुन्या वाड्यातल्या माणसाला कुठली पायरी उंच आहे हे पायालाच ठाऊक असतं, तसं मागचं उजवं दार लावताना आधी जरा वर उचलायचं हे आमच्या हातांना ठाऊक आहे. अडचण पाहुण्यांची. त्यांना बसण्याआधी सूचना द्याव्या लागतात आणि त्या सूचना ऐकता ऐकता त्यांचे चेहरे बदलतात. माझी बहीण एकदा म्हणाली, ‘तुझ्या गाडीत बसणं म्हणजे लग्नघरात राहणं आहे. कशालाही हात लावायच्या आधी विचारायचं.’

उद्यमनगराचा एक गुण या गावाबाहेर फारसा माहीत नाही. भाग मिळाला नाही म्हणून इथं काम अडत नाही. मारुती ८०० बनायची बंद झाली २०१४च्या जानेवारीत, पण गाड्या इतक्या विकल्या गेल्यात की सुटे भाग अजून मिळतात. ओरिजनल महाग, लोकल स्वस्त, आणि तिसरा प्रकार भंगारातल्या गाडीचा काढलेला, जो मेस्त्रींना लोकलपेक्षा जास्त आवडतो. ‘जुना असला तरी खरा हाय.’ पण एखादा भाग कुठंच मिळाला नाही तर ते तो हातात घेऊन शेजारच्या टर्नरकडे जातात, व्हर्निअरनं माप घेतात आणि संध्याकाळपर्यंत तसाच दुसरा तयार असतो. एका ब्रॅकेटसाठीचं बुश त्यानं असं करून दिलं, पितळेचं, मूळच्यापेक्षा देखणं. आता ते गाडीखाली कुणाला न दिसता बसलंय.

या गावाला ही खोड जुनीच आहे. बाबूराव पेंटर, ज्यांचं मूळ आडनाव मेस्त्री, त्यांनी १९१८च्या सुमाराला चित्रपटाचा कॅमेरा इथंच बनवला. विष्णुपंत दामले मदतीला होते. त्या कॅमेऱ्यातून ‘सैरंध्री’ निघाला, १९२० साली. ती गोष्ट सांगताना लोक त्यांच्या कलेबद्दल बोलतात, आणि बोलावंच. मला मात्र त्या कॅमेऱ्याचे दात, चक्रं, खिट्ट्या कुणी कशा घासून मापात आणल्या असतील याचंच कुतूहल वाटत राहतं. ते करणाऱ्या सगळ्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. कुणीतरी एखादं चक्र उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून, बघितलं असणार.

गंज हा एकच विषय असा, की त्याच्यावर मेस्त्री गंभीर होतात. इंजिन पुन्हा बांधता येतं, पत्रा एकदा गेला की गेला. बॅटरीखाली, मागच्या चाकांच्या कमानीत, पायाखालच्या कार्पेटच्या आड तो वाढतो आणि वरचा रंग शेवटपर्यंत साजरा दिसतो. ड्रायव्हरच्या पायाखाली एके ठिकाणी बोट आरपार गेलं तेव्हा त्यांनी तेवढा चौकोन कापून नवा पत्रा वेल्ड केला. रंगवाल्यानं लांबी भरून, घासून, पांढरा रंग मारला. तीस वर्षांच्या पांढऱ्याशी नवा पांढरा जुळत नाही. आमची गाडी आता तीन-चार प्रकारची पांढरी आहे.

एवढं सगळं बदलल्यावर ही तीच गाडी कशी, असा प्रश्न आमच्याकडे येणारे तत्त्वज्ञानाचे एक प्राध्यापक मोठ्या चवीनं विचारतात. उत्तर आरटीओकडे आहे. पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी जुन्या गाडीचं पुन्हा पासिंग करावं लागतं. तिथं बॉनेट उघडून पत्र्यावर ठोकलेल्या चेसिस नंबरावर कागद धरतात आणि वरून पेन्सिल फिरवतात. एकेक आकडा काळ्यातून पांढरा उमटत जातो. तो ठसा फाइलमधल्या नंबराशी जुळला की गाडी तीच. लहानपणी आम्ही नाण्यांचे असेच छाप घ्यायचो.

२०२४ला पुन्हा पासिंग आलं. त्याची फी पूर्वी सहाशे होती, २०२२च्या एप्रिलपासून पाच हजार झाली होती. शिवाय पर्यावरण कर. ‘एवढ्यात तिचा अर्धा खर्च निघेल,’ असं माझ्या मुलीनं पुण्याहून फोनवर सांगितलं. तिला गाडी मोडीत काढायला हवी आहे. सरकारचं त्यासाठीचं धोरण २०२१लाच आलंय, हे तिनं मला दोनदा सांगून झालंय. तिचं म्हणणं खोटं नाही. या गाडीला एअरबॅग नाही, धूर गाळणारं काही नाही, समोरून एखादी आजची गाडी येऊन धडकली तर काय होईल याचा विचार मी महामार्गावर जायचं टाळून टाळते. जुनी गाडी ठेवण्यात काही पुण्य आहे असं मला वाटत नाही. पेट्रोल वाचत नाही, हवा सुधारत नाही, आणि गॅरेजला जे पैसे जातात त्यांत एखाद्या लहान गाडीचा हप्ता सहज बसेल. मुलगी विचारते, मग का? मी दरवेळी वेगळं उत्तर देते, आणि त्यातलं एकही मला स्वतःला पुरेसं पटत नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा गाडी दारात होती. आम्ही वरच्या मजल्यावरून तिच्या काचेपर्यंत चढलेलं पाणी बघितलं. पाणी उतरल्यावर मेस्त्रींचा निरोप आला, किल्ली लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर पाणी दबत नाही, आतला रॉड वाकतो. ओढून नेली. प्लग काढले, पाणी बाहेर उडवलं, ऑईल ओतलं तर चहाच्या रंगाचं. तीनदा नवं ऑईल घालून फिरवलं. ज्या बोळात आमची गाडी होती त्याच बोळात दोन-तीन वर्षांच्या गाड्याही होत्या, त्यांच्या इलेक्ट्रॉनिक पेट्या पाण्यानं गेल्या आणि विमावाल्यांनी त्या उचलून नेल्या. आमचीत जाण्यासारखी पेटीच नव्हती. सीटांना मात्र पुढची दिवाळी येईपर्यंत नदीचा वास होता.

आता नवीन काळजी पेट्रोलची आहे. या गाडीच्या आयुष्यात पेट्रोल दोनदा बदललं. २०००च्या फेब्रुवारीपासून देशभर त्यातलं शिसं गेलं, तेव्हा जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठका झिजतील असा बोभाटा झाला होता. आमच्या गाडीनं काही मनावर घेतलं नाही. आता त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. ते जुनं रबर मऊ करतं, पाणी ओढून घेतं, आणि टाकीत वर्षानुवर्षं चिकटून बसलेला गाळ सुटा करून पुढं पाठवतं. मेस्त्रींनी सगळ्या नळ्या बदलल्या, कार्बोरेटरची गॅस्केटं बदलली, फिल्टर लवकर लवकर बदलायला सांगितला. ‘ऊस घातलाय पेट्रोलात,’ ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात नक्की तक्रार होती का ते मला कळलं नाही. त्यांचा स्वतःचा ऊस इथल्याच एका कारखान्याला जातो. आमच्या जिल्ह्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच असतो. हंगामात ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागून मी दुसऱ्या गिअरात चालत राहते, वरून एखादी कांडी बॉनेटवर पडते, आणि त्याच उसाचं काहीतरी माझ्या टाकीत हिंदकळत असतं.

मेस्त्रींचा मुलगा एका मोठ्या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये आहे. तो गाडीला लॅपटॉप लावतो आणि पडद्यावर बिघाडाचा नंबर येतो. बापाकडे आला की दोघं वाद घालतात. मुलगा म्हणतो, ऐकून काय कळतंय? बाप म्हणतो, तुझ्या डब्याला खड्ड्यातली खटखट कळती का? दोघांचंही बरोबर आहे हे उभ्या गिऱ्हाइकांना कळतं, पण गिऱ्हाइकांनी मध्ये पडू नये. गेल्या वेळी मुलानं आमच्या गाडीचा कार्बोरेटर हातात घेतला आणि बराच वेळ उलटा-पालटा करून बघितला. हे कुठं लावायचं, असं त्यानं विचारलं नाही. पण विचारावंसं वाटलं असावं.

हॉर्नचं सांगायचं राहिलं. तो मामंजींचाच आहे, मूळचा, आणि त्याचा आवाज आता बसलाय. कधी वाजतो, कधी नुसता टिक करतो. गगनबावड्याला जायचं ठरतंय, श्रावणात, धुकं असतं त्या दिवसांत. पुढं करूळ घाटाच्या वळणांवर हॉर्नशिवाय जाता येणार नाही. मी यादीत तो सगळ्यात वर लिहिला. त्याच्याखाली दुसऱ्या गिअरात नव्यानं सुरू झालेली बारीक किरकिर. मेस्त्रींनी हॉर्न लगेच पोराकडे दिला. मग शेजारी बसून टेंबलाईवाडीचा चढ केला, परत आलो, तरी ते उतरले नाहीत. काच खाली करून ऐकतच राहिले.

‘चालंल,’ शेवटी म्हणाले. ‘दिवाळीपर्यंत काय होत न्हाई.’

‘कुठल्या दिवाळीपर्यंत?’

ते हसले, उतरले, आणि पोराला ओरडून म्हणाले, ‘अरं वैनींच्या गाडीची वायर बघितलीस का? नुसता हॉर्न बदलून काय हुतंय?’